ऐकून घ्यायला शिकवणारा प्राध्यापक

येलदरीच्या धरणातले पाणी सरळ कुणाच्या वावरात जात नाही. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदी अडवून साठवलेले हे पाणी आधी वीजघरातून खाली उतरते. तेथून ते सिद्धेश्वरच्या तलावात जाते, मग कालव्यात, कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीत. आणि चारीवरचा पाटकरी ज्याची पाळी असेल त्याच्या शेतात ते सोडतो. धरण काठोकाठ भरलेले असले आणि चारी फुटलेली असली, तर शेवटच्या शेतकऱ्याला त्या धरणाचा उपयोग शून्य. ही गोष्ट परभणी-हिंगोलीकडच्या माणसाला समजावून सांगायला नको.

मनाच्या दुखण्यांवर जी विद्या आहे, तिचेही फार दिवस असेच चालले होते. विद्या होती, औषधे होती, मोठाली रुग्णालयेही होती. पण ती सारी शहरात. खेड्यापर्यंत चारीच काढलेली नव्हती. ही चारी काढण्यात ज्यांनी आयुष्याची तीस वर्षे घातली, अशा एका प्राध्यापकाची हकीकत आज सांगावयाची आहे. त्यांचे नाव डॉ. विक्रम पटेल. मानसोपचाराचे प्राध्यापक म्हणून लंडन आणि नंतर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी शिकवले. तरीही त्यांच्या कामाची खरी शाळा म्हणजे गोव्यातली सरकारी आरोग्य केंद्रे आणि अमरावती जिल्ह्यातली खेडी होत.

पटेल यांचा जन्म १९६४ साली मुंबईत झाला. वैद्यकीचे शिक्षण मुंबईच्याच ग्रँट मेडिकल कॉलेजात, म्हणजे जे. जे. रुग्णालयाच्या आवारात. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले आणि मानसोपचाराचे शिक्षण त्यांनी इंग्लंडात पुरे केले. येथपर्यंतची हकीकत हुशार मुलाच्या नेहमीच्या हकीकतीसारखीच आहे, तेव्हा तिच्यावर वेळ घालवू नये.

वळण लागले ते आफ्रिकेत. १९९०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते झिंबाब्वे देशातल्या हरारे शहरी विद्यापीठात काम करावयास गेले. त्या देशात तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ होते जेमतेम डझनभर, आणि त्यांतलेही बहुतेक राजधानीत. खेड्यापाड्यांतल्या लाखो लोकांना ते असून नसल्यासारखेच. पटेल तेथे गेले ते मनात एक शंका घेऊन. ‘डिप्रेशन’ किंवा उदासीनतेचा आजार म्हणून डॉक्टर जे सांगतात, ते गोऱ्या लोकांचे खूळ तर नव्हे? आफ्रिकेतल्या माणसाच्या दुःखाला हे बाहेरचे लेबल आपण उगीच चिकटवतो आहोत काय? याचा छडा लावावा म्हणून ते दवाखान्यांत फिरले, आणि तिकडच्या भगत-वैदूंशीही बोलले. मराठवाड्यातला माणूस देवऋष्याकडे जातो, तसाच तिकडचा माणूस त्यांच्याकडे जातो.

तेथे त्यांना शोना भाषेतला एक शब्द मिळाला : कुफुंगिसिसा. त्याचा अर्थ, फार विचार करणे. झोप न येणे, हातपाय गळणे, जेवण न जाणे, कशातच जीव न लागणे या साऱ्याला तिकडची माणसे ‘फार विचार लागला’ असे म्हणत. आपल्याकडे नाही का, ‘त्यानं डोक्याला लावून घेतलं’, ‘तिच्या जिवाला घोर लागलाय’ असे म्हणतात? नाव निराळे, दुखणे तेच. पटेलांची शंका फिटली, पण अर्धीच. आजार खरा होता. मात्र त्याला शहरातल्या डॉक्टरांचे नाव दिले, की माणूस बिचकतो आणि दार लावून घेतो. त्याच्या स्वतःच्या भाषेतल्या नावाने विचारले, तर तो बोलतो. पुढच्या साऱ्या कामाचा पाया या एवढ्याशा गोष्टीवर उभा राहिला.

१९९६ साली गोव्यात त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर ‘संगथ’ ही संस्था काढली. संगथ म्हणजे सोबत. आरंभी तेथे प्रामुख्याने मुलांच्या वाढीच्या व वागणुकीच्या अडचणी पाहिल्या जात. पुढे काम मोठ्या माणसांपर्यंत पसरले. २००३ साली त्यांनी एक पुस्तक लिहिले. ‘जेथे मानसोपचारतज्ज्ञ नाही तेथे’ असा त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ. डेव्हिड वर्नर यांचे ‘जेथे डॉक्टर नाही’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक जगभरच्या ग्रामीण आरोग्यसेवकांच्या हाती असे, त्याच्याच वळणावर हे नाव ठेवलेले. तज्ज्ञांना सांगण्यासाठी तज्ज्ञांनी लिहिलेली पुस्तके पुष्कळ असतात. हे पुस्तक नर्सबाईंसाठी, आरोग्यसेवकासाठी होते. रोगी समोर बसला, आणि त्याच्या अंगदुखीला कोणतेही कारण सापडत नाही. आता त्याला काय विचारायचे? अशा रीतीने ते लिहिलेले आहे.

आता कुणी म्हणेल, पुस्तक लिहिणे सोपे. गावातली साधी बाई खरोखर मनाच्या आजारावर उपचार करू शकेल काय? ही शंका रास्त होती, आणि डॉक्टरांच्या जगात ती उघडपणे बोलून दाखवली जाई. महाराष्ट्राला मात्र असा प्रयोग अगदीच नवा नव्हता. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० सालापासून गावातल्या निरक्षर बायांना आरोग्याचे शिक्षण देऊन उभे केले होते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, आणि बालमृत्यू कमी होतात हे मोजून दाखवले. १९९९ साली त्यांचा हा निबंध ‘लॅन्सेट’ या इंग्लंडातील वैद्यकीय नियतकालिकात आला. म्हणजे बाळाच्या श्वासाचे काम गावची बाई करू शकते, हे सिद्ध झाले होते. माणसाच्या मनाचे काम तिला जमेल की नाही, एवढेच राहिले होते. तिकडे युगांडातल्या खेड्यांत स्थानिक माणसांना थोडे शिक्षण देऊन उदासीनतेवर गटात बोलण्याचे उपचार दिल्याचा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला होता, त्याचाही धीर होताच.

गोव्यातल्या प्रयोगाला नाव दिले ‘मानस’. मनाशांती सुधार शोध या शब्दांवरून ते बनवलेले आहे. चोवीस दवाखाने घेतले : बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खाजगी डॉक्टरांचे. निम्म्या ठिकाणी नेहमीप्रमाणे उपचार, निम्म्या ठिकाणी डॉक्टरांच्या जोडीला एक समुपदेशक. या समुपदेशक म्हणजे स्थानिक पदवीधर मुली-बाया. मानसशास्त्र शिकलेल्या नव्हेत. त्यांना दोन महिन्यांचे शिक्षण दिलेले.

हा ‘समुपदेशक’ शब्द मला थोडा खटकतो, हे येथेच सांगून टाकतो. त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे. आणि या कामात पहिल्या दिवशी जर काही शिकवावे लागत असेल, तर उपदेश न करणे हेच. आपल्या गावात दुःखी माणसाला उपदेश करणारे काय कमी आहेत? ‘मन घट्ट कर’, ‘पोराबाळांकडे बघ’, ‘देवाचं नाव घे’, ‘माझ्याकडं बघ, मी कसा सोसलो’; सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ऐकणाऱ्याला काय वाटते? की मी कमी पडलो. तो गप्प होतो, आणि पुढच्या खेपेला तोंड उघडत नाही.

तेव्हा शिकवायचे ते असे. आधी नीट बसायचे, घाई नाही. बोललेले चार लोकांत जाणार नाही, याची खात्री द्यायची, आणि ती पाळायची. खेड्यात हे फार अवघड. कारण सांगणारी बाई त्याच गावची सून असते आणि तिच्या आत्याबाई शेजारी राहतात. मग झोपेचे विचारायचे, भुकेचे, डोकेदुखीचे, कामात हात चालतो की नाही याचे. मोठे नाव घ्यायचे नाही. गोव्यातल्या समुपदेशकांनी ‘मानसिक आजार’ असे न म्हणता ‘टेन्शन’ म्हटले. तो शब्द आता गोव्यात काय आणि जिंतुरात काय, सर्वांच्या तोंडी आहे. मग समजावून द्यायचे, की ही झोप उडणे आणि अंग दुखणे मनाच्या ताणामुळे होऊ शकते, हा तुमचा दुबळेपणा नव्हे, आणि हे बरे होते. पुष्कळांना एवढे ऐकूनच हलके वाटते.

एक गोष्ट शिकाऊ माणसाला फार जड जाते. समोरच्याच्या मनात जीव देण्याचा विचार येतो का, हे त्याला सरळ विचारावयाचे. आपल्याला वाटते, विचारले तर नसलेली गोष्ट डोक्यात घालू. तसे होत नाही. अभ्यास सांगतो, की नीट, मायेने विचारले, तर माणसाचे ओझे उतरते. आणि उत्तर ‘हो’ आले, तर त्याला एकटे सोडावयाचे नाही, घरच्या विश्वासाच्या माणसाला जोडून घ्यावयाचे आणि डॉक्टरकडे त्याच्याबरोबर जावयाचे. ही हद्द ओळखणे हेदेखील शिक्षणातच येते. सारे काही मीच बरे करीन असे म्हणणारा समुपदेशक धोक्याचा.

‘मानस’ची परीक्षा २,७९६ रोग्यांवर झाली आणि तिचा निकाल २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. सरकारी केंद्रांत, जेथे समुपदेशक होत्या, तेथे सहा महिन्यांत शंभरातले सुमारे ६६ रोगी बरे झाले. जेथे नव्हत्या तेथे सुमारे ४२. हा फरक लहान नव्हे. पण खाजगी दवाखान्यांत समुपदेशक असली काय आणि नसली काय, निकाल सारखाच आला. हा दुसरा निकाल प्राध्यापकमहाशयांनी झाकून ठेवला नाही, तोही त्याच निबंधात छापला. खाजगी डॉक्टर आपल्या रोग्याला बहुधा वर्षानुवर्षे ओळखतो, त्याच्याशी घटकाभर बोलतो, तेव्हा समुपदेशकाचे काही काम तेथे आधीच होत असावे. सरकारी केंद्रातल्या डॉक्टरपुढे रांग असते. तेथे बोलणार कोण? गरज नेमकी कुठे आहे, हे त्या न पडलेल्या फरकाने दाखवले.

त्यानंतर उपचार आणखी साधा केला. गोव्यातल्या दहा आरोग्य केंद्रांत तीव्र उदासीनतेच्या ४९५ रोग्यांवर पुढचा प्रयोग झाला. त्यात आठवड्याला एक अशा सहा ते आठ भेटी. केंद्रात, नाहीतर घरी जाऊन. उपचाराचा गाभा असा : उदास माणूस कामे सोडतो, कामे सोडली की अधिक उदास होतो, आणि या रहाटगाडग्यात फिरत राहतो. ते थांबवायचे ते लहानशा कामापासून. पारावर जाणे बंद केले असेल, तर उद्या फक्त पारापर्यंत चालत जाऊन यायचे. बैलाला पाणी पोराने पाजू नये, तुम्हीच पाजायचे. कोणते काम, किती वाजता, कोणाबरोबर हे दोघांनी मिळून ठरवायचे आणि पुढच्या भेटीत विचारायचे. ‘मूड लागला की करीन’ म्हणणाऱ्याला समजावायचे, की आधी करा, मूड मागून येईल. तीन महिन्यांनी पाहिले, तर हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के बरे झालेले, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. दारूच्या आहारी गेलेल्या पुरुषांसाठीही असाच जोडीचा प्रयोग झाला. तेथे यश थोडे कमी आले : ३६ टक्के आणि २६ टक्के. दारूची गाठ घट्ट असते. दोन्ही निबंध २०१७च्या ‘लॅन्सेट’मध्ये एकत्र आले.

गोवा हा तुलनेने बऱ्या स्थितीतला प्रदेश. आपल्या शेतकऱ्याचे काय, असे तुम्ही विचाराल. तेच विचारून हे काम विदर्भात नेले गेले. अमरावती जिल्ह्यातली तीस खेडी निवडली; प्रयोगाचे नाव ‘विश्राम’; काम चालवणाऱ्यांत डॉ. राहुल शिधये प्रमुख होते आणि पटेल त्यांच्याबरोबर होते. येथे पहिली अडचण उपचाराची नव्हतीच. लोक उपचार मागतच नव्हते. उदासीनतेने गांजलेल्या शंभरांतले जेमतेम चार लोक कोणाची तरी मदत घेत. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, छोट्या बैठका घेऊन बोलणे सुरू केले. दीड वर्षाने पुन्हा मोजले, तेव्हा मदत घेणारे शंभरांत २७ झाले होते. पूर्वीच्या सहापटीहून अधिक. आणि तरीही, बाकीचे ७३ तसेच राहिले, हे विसरता कामा नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. बोंडअळीने कापूस खाल्ला, सोयाबीनला भाव नाही, सावकाराचा माणूस दारात उभा आहे. अशा वेळी समुपदेशकाने ऐकून घेतल्याने कर्ज फिटत नाही. कर्जाचा प्रश्न कर्जाच्या ठिकाणीच सोडवावा लागेल. बँकेचे व बाजाराचे काम समुपदेशकाच्या गळ्यात टाकून सरकारने मोकळे व्हावे, असे कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. परंतु एक आहे. उदासीनता अंगात भरलेल्या माणसाला तहसिलीत जाऊन अर्ज देण्याचेही बळ राहत नाही. पंचनाम्याची तारीख निघून जाते आणि तो खाटेवर पडून असतो. त्याला उठून बसवणे हेही कर्जाच्या लढ्यातलेच काम नव्हे काय?

मराठवाड्यातही या दिशेने पाऊल पडले. विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१५च्या सुमारास ‘प्रेरणा’ प्रकल्प आखला, त्यांत परभणीही होता. आशाताईंनी घरोघरी जाऊन निराश माणसे ओळखावीत आणि त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत पोचवावे, अशी त्यातली योजना. कागदावर ती चांगलीच आहे. पण आशाताईच्या पिशवीत आधीच गरोदर बायांची नोंद, लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या असे किती कागद असतात! तिला आणखी एक नमुना भरायला देणे वेगळे, आणि ऐकून घेण्याचे शिक्षण देणे वेगळे. पहिले एका सभेत होते. दुसऱ्याला गोव्यात काही आठवड्यांचा वर्ग आणि त्यानंतर अनेक महिन्यांची उमेदवारी लागली.

आता गुरुजींसाठी एक हकीकत. त्यांनी रागावू नये. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांत पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काही शाळांत मुलांच्या मनाच्या आरोग्याचे काम तेथल्याच शिक्षकाला शिकवून सोपवले. काही शाळांत बाहेरून एक शिकवलेला समुपदेशक नेमला. काही शाळांत दोन्ही नाही. २०१८ साली निकाल आला. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, मारामाऱ्या व दांडगाई कमी झाली, मुलांची उदासी उतरली. शिक्षकाकडे काम सोपवलेल्या शाळांत मात्र फरक पडला नाही. आता यात शिक्षकाचा दोष काय? तोच परीक्षा घेतो, तोच हजेरी मांडतो, तोच कान धरतो, आणि त्याच्याचकडे येऊन मुलाने सांगावे, की घरी बाप मारतो? शिवाय त्याच्यामागे जनगणना, निवडणूक, पोषण आहार लागलेलाच असतो. शिक्षकाच्या खांद्यावर आणखी एक ओझे ठेवण्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्यांनी हा निबंध एकदा वाचावा. गुरुजींना जमते ते असे : वर्गातला बोलका मुलगा एकदम गप्प झाला, हुशार मुलगी मागच्या बाकावर जाऊन बसू लागली, हे सर्वांआधी त्यांच्याच नजरेस पडते. ते पाहून योग्य माणसाकडे निरोप देणे, हेही थोडे नव्हे.

पटेल पुढे २०१७ साली हार्वर्डला प्राध्यापक म्हणून गेले. त्याआधी लंडनच्या आरोग्यविद्येच्या विद्यालयात ते प्राध्यापक होते. तेथे असताना निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांबरोबर त्यांनी २००७ साली ‘लॅन्सेट’मधून एक लेखमाला काढली. गरीब देशांत मनाच्या आजारांची बहुसंख्य माणसे उपचारावाचून राहतात, हे तिने आकड्यांनी मांडले. त्यांच्यावर टीकाही झाली. काही तज्ज्ञांनी म्हटले, की गरिबीच्या दुःखाला तुम्ही आजार ठरवता. काहींनी म्हटले, की अर्धशिक्षितांच्या हाती रोगी देता. पहिल्या टीकेत तथ्य आहे, असे मला वाटते, आणि तिच्यावर सतत नजर ठेवावी लागेल. दुसरीला उत्तर त्यांनी वादाने दिले नाही, मोजून दिले. शिवाय सारे देशभर मिळून मानसोपचारतज्ज्ञ २०१२च्या सुमारास तीन हजारांच्या आसपास होते. इंग्लंडातले प्रमाण धरले, तर भारताला लाख-दीड लाख लागले असते. ते कधी यायचे आणि येलदरीपर्यंत कधी पोचायचे?

राहिला प्रश्न देखरेखीचा, आणि हा सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. दोन महिने शिकलेली बाई सहा महिन्यांनी पुन्हा उपदेश करू लागत नाही, हे कशावरून? तज्ज्ञ दर आठवड्याला गावात येऊन पाहणार नाही. गोव्यात यावर युक्ती काढली. रोग्याची परवानगी घेऊन काही भेटींचे बोलणे ध्वनिमुद्रित करीत. आठवड्याला समुपदेशक एकत्र बसून ते ऐकत, आणि ठरलेल्या कोष्टकावर एकमेकींना गुण देत : नीट ऐकले का, मध्येच बोलली का, ठरलेले काम विचारले का. आधी तज्ज्ञही बसून गुण देत, आणि दोन्हींची तुलना केली जाई. पुढे असे दिसले, की या बायांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी पुष्कळ जुळतात. मग गटाचे पुढारपण पाळीपाळीने त्यांच्याकडेच आले.

शेवटी एक उपयोगी गोष्ट नोंदवून ठेवा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीची सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्री लावला तरी चालतो, आणि मराठीत बोलता येते. शाळेच्या फळ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हा क्रमांक कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.